दृष्टीची अमानत आणि दुसरा सल्ला



चष्म्याचा नंबर तपासायला जावे आणि हाती काचबिंदूची शंका सांगणारा अहवाल यावा, हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. डोळा दुखत नाही, समोरचे स्वच्छ दिसते. तरीही कागद सांगतो की डोळ्यातील दाब वाढला आहे. अर्जुनी मोरगावात राहणाऱ्या माणसाच्या मनात तेव्हा दोन विचार उठतात. एक म्हणतो, मला काहीच झालेले नाही. दुसरा म्हणतो, आता सर्व संपले. इस्लाम आपल्याला या दोन्हींपासून रोखतो.

सूरह यूसुफमधील ह. याकूब (अलै.) यांचे स्मरण करा. पुत्रविरहाच्या शोकात त्यांची दृष्टी गेली होती. त्या अवस्थेतही त्यांनी मुलांना सांगितले की यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. त्यांनी आशा सोडली नाही आणि शोधही थांबवला नाही. आदरणीय पैगंबर (स.) यांनीही उंट आधी बांधण्याची व मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण दिली, तसेच उपचार करण्याची आज्ञा दिली. प्रयत्न सोडून देणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा काय? अवश्य घ्यावा. परस्परांशी विचारविनिमय करणे हा कुरआनने श्रद्धावंतांचा गुण सांगितला आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. डोळ्याचा दाब दिवसभरात कमी-जास्त होतो, बुबुळाच्या जाडीमुळे मोजमापात फरक पडतो, आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी पहिल्या वेळी अनेकांना नीट जमत नाही. म्हणून पुन्हा तपासणे शहाणपणाचे आहे. बल्लारशाह-गोंदिया रेल्वेने गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते; गरज पडल्यास नागपूर आहे. जाताना जुने सर्व अहवाल व सुरू असलेल्या औषधांची नावे सोबत घ्या.

मात्र आपली नियतही तपासा. तुम्ही सत्य जाणण्यासाठी जात आहात, की मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारे ठोठावणार आहात? काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र उपचाराने जपता येते. म्हणून दुसऱ्या भेटीची वाट पाहताना सुरू केलेले थेंब स्वतःहून बंद करू नका. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब विचारल्याविना घेऊ नका. त्यांनी दाब वाढू शकतो. डोळा अचानक लाल होऊन तीव्र दुखू लागला किंवा दिसणे एकाएकी कमी झाले, तर दुसऱ्या सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रमजानमध्ये काही जण रोजा मोडेल या भीतीने थेंब सोडतात. हनफी व शाफई फिक्हनुसार डोळ्यात औषध घातल्याने रोजा मोडत नाही. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारा, पण औषध चुकवू नका.

हा आजार घरच्यांपासून लपवू नका. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना काचबिंदूचा धोका अधिक असतो. तुमच्या मौनाची किंमत त्यांच्या डोळ्यांना मोजावी लागेल. आणि सर्व प्रयत्नांनंतरही दृष्टी गेली, तर सबर करणाऱ्यास जन्नतची शुभवार्ता आहे. दृष्टिहीन सहाबी ह. इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मदीनेत अजान देत असत, हे विसरू नका.

डोळे ही अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी घेणे आपले काम, शिफा देणे त्याचे. अल्लाह आपणा सर्वांना सत्य ऐकण्याचे धैर्य आणि शिफा देवो. आमीन.