अपघात म्हणायचं का?

टुना पकडणाऱ्या मोठ्या जहाजाचा दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो. त्याला ठरावीक अंतरावर दोऱ्या लोंबत असतात, प्रत्येकीच्या टोकाला गळ, गळाला स्क्विड किंवा छोटा मासा. एका दोराला दोन-तीन हजार गळ सहज. जहाज पुढे जात राहतं आणि मागून हा दोर पाण्यात सोडला जातो. आमिष लगेच बुडत नाही. तेवढ्या वेळात अल्बट्रॉस झेपावतो, आमिष गिळतो, गळ अडकतो आणि बुडणारा दोर त्यालाही खाली ओढून नेतो. काही तासांनी दोर वर घेताना माशांसोबत मेलेला पक्षीही येतो.

तो कुणालाच नको असतो. गळाला पक्षी लागला म्हणजे आमिष वाया आणि एक मासा कमी, त्यामुळे मच्छीमाराचंही नुकसानच. म्हणूनच याला 'अपघाती' मरण म्हणतात. माझं भांडण या शब्दाशी आहे.

1991 साली नायजेल ब्रदर्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने अंदाज मांडला, की दक्षिण महासागरात जपानी जहाजांच्या दोरांवर वर्षाला सुमारे 44,000 अल्बट्रॉस मरतात. यातला सगळ्यात मोठा, साडेतीन मीटरपर्यंत पंख पसरणारा वाँडरिंग अल्बट्रॉस साधारण दोन वर्षांतून एकदा अंडं घालतो, तेही एकच. पिल्लाला आईबाप दोघं मिळून भरवतात. एक गळाला लागला की घरट्यातलं पिल्लूही बहुधा जातं. ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

1991च्या आधी 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणता आलं असतं. त्यानंतर वीस वर्षांनी, 2011 मध्ये, जगभरातल्या अशा दोरांवर वर्षाला किमान 1,60,000 समुद्रपक्षी मरत असल्याचा अंदाज आला. उद्या काय होणार हे आज माहीत असेल, तरी तो अपघातच? मराठीत अपघात आहे आणि घातपात आहे. मधल्या जागेसाठी पोलिसांच्या कागदावरचा एक शब्द सापडतो: हलगर्जीपणा. एरवी आपण 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' म्हणून मोकळे होतो.

बरं, उपाय महाग असता तर गोष्ट वेगळी. जहाजामागे रंगीत पट्ट्या फडफडणारी एक दोरी सोडायची, म्हणजे पक्षी बिचकतात. गळांना वजन बांधायचं, दोर रात्री सोडायचा. नामिबियाने 2015 मध्ये नियम केला आणि तिथे दोरांवर मरणारे पक्षी सुमारे 98 टक्क्यांनी घटले. त्या पट्ट्यांच्या दोऱ्या वॉल्विस बे या बंदरातल्या बायकांचा एक गट बनवतो.

मग दोष कुणाचा? पहाटे तीन वाजता डेकवर दोर सोडणाऱ्या खलाशाचा म्हणणं मला जमत नाही. सगळं त्याच्या हातून होतं, पण जहाजावर सगळ्यात कमी चालतं ते त्याचंच. मालक म्हणेल, पट्ट्यांची दोरी कधीकधी मुख्य दोरात गुंतते, वेळ जातो. खरं आहे, गुंतते. पण खोल समुद्रात ती सोडली की नाही हे बघायला बहुतेक वेळा कुणी नसतं, आणि माझ्या मते खरं कारण तेच आहे.

आणि मी? गेल्या महिन्यात मित्राच्या वाढदिवसाला सुशी मागवली होती. वेटरला विचारलं, हा टुना कसा पकडलेला असतो? तो म्हणाला, "एकदम फ्रेश आहे, सर."

मी खाल्ला.