उघडी खिडकी



२००३ सालच्या ‘पीटर पॅन’ चित्रपटातील नेव्हरलँडमध्ये शाळा नाही, मोठ्यांचा धाक नाही. तरीही तिथल्या हरवलेल्या मुलांना हवी असते ती आई! ती छोट्या वेंडीलाच आई करतात. इकडे लंडनमध्ये वेंडीची आई खिडकी उघडी ठेवून वाट पाहते. शेवटी मुले परततात, हरवलेल्यांनाही घर मिळते. पीटर मात्र खिडकीबाहेरच राहतो.

उधळ्या पुत्राला पित्याने दुरूनच पाहिले (लूक १५:२०), कारण त्याची नजर वाटेकडे होती. आपली नजर कुठे असते? टीव्ही-मोबाईलमध्ये गुंतून आपण घरातच मुलांना मोठ्यांविना वाढवतो आणि पुन्हा त्यांनाच बोल लावतो. या आठवड्यात रोज अर्धा तास मुलांजवळ बसू या, त्यांचे ऐकू या.