बिनविरोध

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्या गावात मारुतीच्या पारावर बैठक बसायची. चहा व्हायचा, तंबाखू मळली जायची आणि दोन तासांत सगळी नावं ठरायची. 'गाव बिनविरोध झालं' म्हणून गुलाल उधळायचा. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटे. शेजारच्या गावात निवडणुकीपायी भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली होती.

एका वर्षी बैठकीत एकानं देवळाच्या कळसासाठी मोठी रक्कम बोलली आणि पद त्याच्या घरात द्यायचं ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बायका कडेला उभ्या होत्या. त्यातनं माझी चुलती पुढं आली. पदर सावरत म्हणाली, "कळस देवाचा हाय, पर मत माझं हाय. ते न इचारता कुणी इकलं?"

"वयनी, गावाची एकी मोडू नगा," एक जाणते एवढंच बोलले. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. कॉलेजात शिकत होतो. 'तिचं खरं आहे' हे तीन शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले.

तिनं अर्ज भरला. माघारीच्या दिवसापर्यंत माणसं घरी येत राहिली. गिरणीत आमचं दळण मागं राहू लागलं, विहिरीवरची पाण्याची पाळी चुकू लागली. तिनं अर्ज काढला नाही. मतदान झालं आणि ती पडली. मी तोंड पाडून बसलो, तर म्हणाली, "पडले तर पडले. गावात मत झालं न्हवं?"

मताची किंमत मला पुस्तकातून पुढं कळली. 1919 साली साउथबरो समितीपुढं बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हा मत जमीन आणि कर भरणाऱ्या थोड्यांचंच होतं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत मिळालं. तरी देशभरातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांची नोंद स्वतःच्या नावानं नव्हती, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी होती. आणि 2021 साली नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. ते वाचताना चुलतीचं बोलणं आठवलं.

बिनविरोध वाईटच असतं, असं मी म्हणत नाही. सगळ्यांना विचारून, सगळ्यांच्या मनानं झालं तर ती एकीच. पण ओळखायचं कसं? मला एकच खूण सापडली आहे. 'मला हे पटत नाही' असं म्हणणाऱ्याचं दळण दुसऱ्या दिवशी वेळेवर दळून मिळतं का, ते बघावं. मिळत असेल तर गाव एक आहे. मिळत नसेल तर गाव नुसतं गप्प आहे.

आणि गप्प गावात मीही एक होतो. चुलतीला गिरणीवाल्यानं किंवा गावकारभाऱ्यांनी एकटं पाडलं नाही. त्याआधी, खांबाला टेकून, मी पाडलं होतं. ती आता नाही. आता पारावर बैठक असली की मी मुद्दाम जातो, पटलं नाही तर उठून बोलतो. तिला त्याचा उपयोग नाही, हे ठाऊक आहे. पण कडेला अजून बायका उभ्या असतात.