ताटीपाशी

बसा. मांडी घालून जमत नसेल तर खुर्चीवर बसा, त्यात काही कमीपणा नाही. फोन पालथा ठेवा. चार श्वास नुसते येऊ द्या, जाऊ द्या.

आता या आठवड्यात लागलेला एक शब्द आठवा. एकच. कोण बोललं, आपण उलट काय सुनवायला हवं होतं, हे मागोमाग येईलच. येऊ द्या. फक्त उत्तर जुळवत बसू नका.

त्या शब्दानंतर तुम्ही काय केलंत? घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात? नंबर ब्लॉक केलात? की 'काही नाही झालं' म्हणत खोलीचं दार लावून घेतलंत? ते दार डोळ्यांसमोर आणा.

आळंदीत सातशे वर्षांपूर्वी असंच एक दार लागलं होतं. संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांना गावाने किती टोचलं, ते आपल्याला ठाऊक आहे. एकदा ज्ञानदेवांना ते इतकं लागलं, असं परंपरा सांगते, की ते झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी करणारा माणूसही रुसतो, याचं मला बरं वाटतं. बाहेर मुक्ता उभी राहिली, धाकटी बहीण. ती तिथे जे बोलली ते ताटीचे अभंग.

मी अडकतो ते त्या ताटीपाशी. कामट्यांचं हलकं दार ते. मुक्ताने ढकललं असतं तरी उघडलं असतं. तिने ढकललं नाही. फटींतून आवाज आत जातो, तेवढ्या भरवशावर ती बोलत राहिली. ब्लॉक केलेल्या नंबरला अशी फट नसते.

इथे थोडं थांबा.

आता जिभेचं टोक दातांच्या कडेवरून हळूच फिरवा. घाईत जेवताना हेच दात कितीदा जिभेवर पडले असतील. डोळ्यांत पाणी आलं असेल. पुढचा घास मात्र त्याच दातांनी चावलात. मुक्ता भावाला हेच विचारते: जीभ चावली म्हणून दात कोणी पाडतं का?

(रोज हात उगारणाऱ्या माणसाला हे लावू नका. तिथे ताटी नको, कडीच हवी.)

मघाचा शब्द पुन्हा आठवा. तो बोलणारा माणूस तुमच्याच तोंडातला दात आहे का? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

आणि असंही एखादं दार असेल, जे तुमच्या शब्दामुळे लागलं. त्याच्या बाहेर मनाने उभे राहा. ठोठावू नका. आतल्या माणसाला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचात, ते नाव आठवतंय का पाहा.

डोळे उघडायची घाई नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजतंय, कुणीतरी चहा टाकलाय. पावलं दारापर्यंत येतात, थांबतात.