सेवेचा पहारा

दुखणे दोन प्रकारचे. एक येते आणि जाते. दुसरे येते ते घरातच राहते. तापकऱ्याची चार दिवस शुश्रूषा करणे निराळे, आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे किंवा स्मृती गेलेल्या आईचे वर्षानुवर्षे करणे निराळे. तेथे करणारा थकतो, चिडतो, आणि मग 'माझीच भक्ती कमी पडली' म्हणून मनाला खातो. तेव्हा सेवेकऱ्याने विसावा घ्यावा की नाही, हा धर्माचाच प्रश्न होय.

पूर्वपक्ष असा : भक्त पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबविले, मग आम्ही दोन घटका निजलो तर पाप नव्हे काय? अहो, कथा नीट पाहा. पुंडलिकाने एका वेळी दोन सेवा अंगावर घेतल्या नाहीत. देव दारी आला तरी पाहुणचार बाजूला ठेवला. आमच्या घरची सूनबाई मात्र सासऱ्यांचे अंथरूण बदलते, सणाचा स्वयंपाक करते, उपास धरते, आणि समाचाराला आलेल्यांना चहाही करते. पुंडलिकाचे नाव घेऊन तिला राबवायचे, पण पुंडलिकाची वीट तिच्या हाती द्यायची नाही, हा कुठला न्याय? देव थांबला, तर पाहुण्यांनी का थांबू नये?

आता शास्त्र पाहू. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता. ज्याची तीन रात्री झोप नाही, त्याची दक्षता राहील कशी? सकाळची गोळी संध्याकाळी दिली जाते, आणि प्रेमाच्या जागी कठोर शब्द येतो. माणूस दुष्ट झालेला नसतो, थकलेला असतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, आजारी जोडीदाराचे करताना ताणाखाली असलेल्या वृद्धांत चार वर्षांतील मृत्यूचा धोका, ज्यांचे जोडीदार धडधाकट होते त्यांच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे परिचारकाचा पाद मोडला की एका घरात दोन रोगी होतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी झोप आणि जागरण यांचे प्रमाण सांगितले, ते योग्यासाठी. मग सेवेकऱ्याला ते नको काय?

आपल्या सप्ताहाकडेच पाहा ना. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. पण सातही दिवस ती एकाच्याच गळ्यात असते काय? पहारा संपला की दुसरा वारकरी पुढे येतो, पहिल्याच्या पाया पडतो, वीणा घेतो. पहिला जाऊन निजतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. अखंड असते ती सेवा. सेवेकरी बदलत असतो.

घरातही असेच पहारे बांधावेत. अंथरुणावरच्या रोग्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलतात. म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. हे काय एका माणसाचे काम आहे? रात्रीची पाळी कोणाची, औषधाची कोणाची, हे आधीच ठरवून कागदावर लिहावे. मुलग्यांनीही कूस बदलायला शिकावे. परगावच्या भावाने फोनवर उपदेश करण्यापेक्षा मदतनीस बाईचा पगार द्यावा. करणाऱ्याची झोप उडाली, अन्न गोड लागेना, स्वतःचे औषध राहू लागले, तर त्याच आठवड्यात पाळी बदलावी. तो पडेपर्यंत वाट पाहू नये.

कोणी म्हणेल, 'त्यांना माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातचे चालत नाही.' यात प्रेम आहे खरे, पण त्याआड थोडा अहंकारही लपून बसतो, बरं का. रोगी हाही चिकित्सेचा एक पाद आहे. दुसऱ्याचा हात गोड मानून घेणे ही त्याच्या वाटची सेवा.

आणि ज्या घरी एकटी म्हातारी एकट्या म्हाताऱ्याचे करते, तेथे पाळी कोणी घ्यावी? सज्जनहो, गावोगावी आपली भजनी मंडळे आहेत. एकादशीच्या जागराला जे खुशीने उभे राहतात, त्यांनी आठवड्यातून एक दुपार त्या घरी बसावे आणि म्हणावे, 'आजी, आता तुम्ही निजा.' वीणा घ्यायला पुढे होतो तसेच पुढे व्हावे. पांडुरंग ती बुद्धी सर्वांस देवो.

॥ रामकृष्णहरि ॥