तारेचं दुसरं टोक

चि. मुक्ता,

फोनवर तू मीटिंगच्या घाईत होतीस आणि मागे तुमचा एसी घुमत होता, त्यामुळे मी सांगितलेलं तुला अर्धंमुर्धंच कळलं असणार. म्हणून कागदावर लिहितोय. आमचा ओंकार फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर काकूला विचार, तिला ते लग्नाआधीपासून लागतं.

तर तुझी अडचण अशी, की फायबरचा डबा हॉलमध्ये दाराशी, तू कामाला बसतेस ती खोली पार मागे, मधे काँक्रीटच्या भिंती, आणि घरमालक साधा खिळा ठोकू देत नाही. दुकानदार म्हणतो, या दोन डब्या घ्या, एक राउटरजवळच्या सॉकेटात लावा, दुसरी आतल्या खोलीत, इंटरनेट विजेच्या वायरीतूनच येईल. आणि तुझा प्रश्न, ‘काका, हे खरंच चालतं की फसवतायत?’

चालतं गं पोरी. वीज मंडळातली माझी सगळी नोकरी याच विद्येवर झाली. तू सुट्टीत कऱ्हाडला आमच्या कॉलनीत यायचीस, तेव्हा सबस्टेशनच्या यार्डाच्या कुंपणाबाहेरून वर टांगलेली ती मोठी वेटोळी बघून विचारायचीस, ‘या पिंजऱ्यात पोपट का नाही?’ त्यांना वेव्ह ट्रॅप म्हणतात. ज्या तारेवरून 220 केव्हीची वीज जायची, तिच्यावरूनच आम्ही पोफळीच्या पॉवर हाउसशी बोलायचो. वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. आमचा कॅरियर 50,000 ते 5,00,000 च्या दरम्यान कुठेतरी. एवढं अंतर असल्यावर दोघांची गल्लत होत नाही. एक कपॅसिटर कॅरियरला खाली आमच्या खोलीत उतरवून घ्यायचा आणि विजेला अडवायचा. वेव्ह ट्रॅपचं काम उलटं, तो विजेला आत सोडायचा आणि कॅरियरला दारातच थांबवायचा. नुसतं बोलणंच नाही, एका टोकाला बिघाड झाला तर दुसऱ्या टोकाचा ब्रेकर पाडायचा निरोपसुद्धा त्याच वाटेने जायचा. त्यामुळे कुठली लहर कुठे थांबते, हे आम्हाला चोख माहीत असावं लागायचं.

तुझ्या डब्या तेच करतात, फक्त फार वरच्या पट्टीत. 2 ते 30 मेगाहर्ट्झ, नव्या असतील तर 86 पर्यंत. होमप्लग नावाचं पहिलं मानक 2001 मध्ये आलं, तेव्हा वेग 14 मेगाबिट होता. 2005 च्या होमप्लग एव्हीचा 200, आणि 2012 मध्ये एव्ही-2 आलं. माहिती शेकडो बारीक लहरींवर वाटून पाठवायची आणि जिथे गोंगाट असेल तिथली लहर सोडून द्यायची, अशी ती युक्ती आहे. हुशार मंडळी आहेत, मानलं पाहिजे.

पण मुक्ता, तुमच्या बहारीनमधल्या जुफेरच्या फ्लॅटच्या तोंडाशी कुणी वेव्ह ट्रॅप टांगलेला नाही. माझ्या जिवाला घोर आहे तो एवढाच. वायफाय बाहेर जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक त्याला पासवर्ड ठेवतात. वायर मात्र आपल्या भिंतीत गाडलेली, म्हणजे आपलीच, असं वाटतं. ती आपल्या मीटरपाशी संपत नाही, बाळ. तिथून ती इमारतीच्या मोठ्या बोर्डाला जाते आणि त्याच बोर्डावरून शेजाऱ्यांच्या वायरी निघतात. मीटर ओलांडताना लहर क्षीण होते, पण पार मरेलच याची खात्री नाही. आणि बऱ्याच डब्या कारखान्यातून एकाच ठरलेल्या नावाने, एकाच ठरलेल्या किल्लीने निघतात, म्हणजे खोक्यातून काढल्याबरोबर एकमेकींना ओळखाव्यात म्हणून. खालच्या मजल्यावर कुणी तसलीच जोडी आणून लावली, तर तुझी डबी आणि त्याची डबी एकमेकींना घरच्याच समजतील. आत 128 बिटांचं कुलूप असतं, चांगलं भक्कम असतं, पण किल्ली सगळ्या गावाकडे असेल तर उपयोग काय?

म्हणून लावल्या दिवशीच डबीवरचं ‘पेअर’ लिहिलेलं बटण दाबायचं. एकीचं क्षणभर दाबायचं, मग दोन मिनिटांच्या आत दुसरीचं. मग दोघी मिळून आपली नवी किल्ली बनवतात. फार वेळ दाबून धरू नकोस, बऱ्याच डब्यांत तसं केलं की जोडी तुटते. तुझा निखिल म्हणेल, ‘काका उगाच घाबरतात, इंटरनेट तर लगेच सुरू झालं.’ सुरू होतंच, तीच तर खोड आहे. बटण न दाबताही सगळं झकास चालतं, म्हणून कुणी दाबत नाही. तुझ्याकडे ऑफिसचे हिशेब, लोकांचे पगार. सित्र्याहून शिफ्ट करून येईल तेव्हा त्याला हा परिच्छेद वाचून दाखव.

आता वेगाचं. खोक्यावरचा आकडा बघून भुलू नकोस. तो प्रयोगशाळेतला, जाणं-येणं दोन्ही मिळून धरलेला असतो. काही डब्यांवर 600 छापलेलं असतं आणि केबल लावायचं भोक मात्र 100 मेगाबिटचंच असतं! विकत घेण्याआधी ते पोर्ट गिगाबिटचं आहे का, एवढं विचार. आणि न चालल्यास परत घेतील अशाच दुकानातून घे, कारण कुठल्या घरात काय वेग मिळेल ते लावून बघितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

इथून कुणाबरोबर डब्या मागवू नकोस. व्होल्टेज तुमच्याकडेही 230 च आहे, पण पिना वेगळ्या. इंग्रजांनी आपल्याकडे त्यांची जुनी गोल पिन ठेवली. बहारीनमधून ते 1971 मध्ये गेले, तीही तारीख 15 ऑगस्टच, पण तिथे मागे राहिली त्यांची तीन चपट्या पिनांची, आत फ्यूज असलेली नवी तऱ्हा. मधे कन्व्हर्टर लावलास तर ढिला बसतो, तापतो, आणि कित्येकदा अर्थिंग जोडलेलंच नसतं. एव्ही-2 मधल्या चांगल्या डब्या तर अर्थिंगची तारही निरोपासाठी वापरतात. तेव्हा तिथल्याच घे.

डबी थेट भिंतीतल्या सॉकेटात लाव, एक्स्टेन्शन बोर्डात नको. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड तर लहर गिळूनच टाकतो. स्वस्तातले मोबाइल चार्जर, एलईडीचे दिवे, दिवा मंद करायचं बटण, इन्व्हर्टर एसी, हे सगळे वायरीत गोंगाट घालतात, आणि तुमच्याकडे तर उन्हाळाभर एसी बंदच होत नाही. पोटावर सॉकेट असेल अशी डबी घेतलीस तर बोर्ड त्यात लाव, तिथे आत गाळणी असते. आणि ती सोफ्यामागे, पडद्याआड कोंडू नकोस, दिवसरात्र कोमट राहणारी वस्तू आहे.

एवढं करूनही आतल्या खोलीत काही पोहोचलं नाही, तर फेज वेगळी असेल. मोठ्या घरांना तीन फेज असतात आणि हॉल एकीवर, खोली दुसरीवर असेल तर लहर नीट ओलांडत नाही. डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचं नुसतं दार उघडून बघ. मुख्य स्विच चार खांबी रुंद असेल तर तीन फेज समजायच्या. दार म्हटलं हं, आतल्या पत्र्याचे स्क्रू नाही. तिथे तू हात घालायचा नाही, निखिलनेही नाही आणि यूट्यूब बघून तर मुळीच नाही. खात्रीचा इलेक्ट्रिशियन बोलावायचा, चार दिनार जातील ते जाऊ देत.

खरं विचारशील तर माझं मत वेगळंच आहे. दाराच्या फटीतून, भिंतीच्या पायाला लागून एक साधी लॅन केबल नेता आली, तर ती या सगळ्यांच्या वरची. घरमालकाला विचारून बघ, चिकटपट्टीला नाही म्हणणार नाही. दिसायला बरी नाही म्हणून तू नाक मुरडशील, ठाऊक आहे मला. मग डब्या घे, पण बटण दाब.

इकडे बाकी ठीक. तुझ्या बाबांचा मोतीबिंदू काढला, आता वर्तमानपत्रातल्या चुका पुन्हा मोठ्याने वाचून दाखवतात. दारचा आंबा यंदा मोहरला बरा, पण ढगाळ हवेने निम्मा गळला. गल्लीत नवे मीटर बसवतायत, त्यावरून रोज कट्ट्यावर भांडण. इटलीत 2001 पासून मीटरचे आकडे विजेच्याच तारेवरून जातात, असं मी एकदा सांगितलं, तर आता सगळे मलाच कंपनीचा माणूस समजतात. काकूने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय; तुमच्याकडचं कुणी सुट्टीला येणार असेल तर कळव, त्यांच्याबरोबर देते.

डब्या लावल्यास की दोन्हींचे फोटो पाठव, दिव्यांचे रंग दिसतील असे. रंगावरून मला सांगता येईल. निखिलला आशीर्वाद.

तुझा,
काका

ता. क. – शुक्रवारी फोन करशील तर तुझ्या आठच्या आत कर. तुझे नऊ म्हणजे आमचे साडेअकरा, आणि काकू जागी राहण्याचा हट्ट धरते. आणि आधी बटणाचं सांग, मग बाकीचं बोलू.