दोघींचं बोलणं

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एका कारखानदाराचा टॉवेलचा कारखाना होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस सचोटीचा. कामगारांचा पगार त्यांनी कधी थकवला नाही, दिवाळीचा बोनस लांबवला नाही. एकुलती एक लेक वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या काळजीने त्यांना झोप लागत नसे. पेपरात रोज काहीतरी यायचं : कुणा मुलीला फोनवरून फसवलं, कुणाचे फोटो गावभर फिरवले.

ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या पोराने एकदा त्यांना सहज सांगितलं, की एका फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी चार यंत्रांवर उघडता येतं. लॅपटॉपवर चौकोनी कोड येतो, तो फोनने टिपला की झालं. त्या रात्री अण्णा लॅपटॉप घरी घेऊन आले. फोन उघडायचा आकडा लेकीने घरात कुणापासून लपवला नव्हता. ती झोपली आणि दोन मिनिटांत काम झालं. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत कुलूपबंद असतात, वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण घरातल्याच माणसाने किल्ली उचलली, तर कुलूप काय करणार?

अण्णा रोज दुपारी ऑफिसचं दार लावून वाचू लागले. नोट्स, परीक्षेचं वेळापत्रक, गड्ड्याच्या यात्रेला कधी जायचं त्याची चर्चा. वावगं काहीच नव्हतं. आठवडाभर बघू आणि बंद करू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आज काही नाही म्हणजे उद्याही नसेल कशावरून? आठवडा संपला, वाचणं संपलं नाही.

मग एक दिवस लेकीच्या मैत्रिणीचा मेसेज आला. ही अण्णांच्याच कारखान्यातल्या जॉबरची, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या कारागिराची मुलगी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणारी, आई विड्या वळणारी. तिने लिहिलं होतं : ‘घरात माझं लग्न ठरवायला निघालेत. मी पुण्याच्या नर्सिंगचा फॉर्म भरलाय. नंबर लागला की मीच बाबांना सांगणार, तोवर कुणाला बोलू नकोस.’

अण्णांना वाटलं, आपणही मुलीचे बाप आहोत, जॉबरला सांगणं आपलं कर्तव्य. त्यांनी सांगितलं. कुठून कळलं ते मात्र सांगितलं नाही.

त्याच रात्री त्या मुलीचा फोन काढून घेतला गेला. प्रवेशाची तारीख निघून गेली. ‘विश्वास ठेवून फक्त तुलाच सांगितलं होतं,’ एवढंच ती लेकीला म्हणाली आणि बोलणं तोडलं. आपण तर कुणाला सांगितलं नाही, मग कळलं कसं? लेकीने फोन तपासला. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक अनोळखी लॅपटॉप दिसला. शेवटचा वापर : आज दुपारी.

रात्री ती आजीसमोरच वडिलांना म्हणाली, “अण्णा, सरकारला कुणाचा फोन ऐकायचा असला, तरी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. मुदत वाढवली नाही, तर दोन महिन्यांनी तो संपतो. तो योग्य होता का, हे बघायला समिती असते. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हे घालून दिलंय. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तुम्हाला आदेश कुणी दिला?”

“मी बाप आहे तुझा,” अण्णा म्हणाले.

“तिचा नाहीस,” आजी म्हणाली.

आजीने उभं आयुष्य विड्या वळल्या होत्या. गल्लीत चौथी शिकलेली ती एकटीच. कुणाचा नवरा भिवंडीला मागावर, कुणाचा मुंबईच्या गिरणीत. त्यांची पत्रं आली की बायका आजीकडे धावत. “कर्जाचं वाचलं, आजारपणाचं वाचलं, दुसऱ्या बाईचंही वाचलं,” आजी म्हणाली. “त्यांनी हातात दिलं म्हणून वाचलं. त्यातलं एक अक्षर तरी तू या घरात कधी ऐकलंस का? तुझ्या बापालाही मी सांगितलं नाही. तू तर न विचारता वाचलंस, आणि वर जाऊन सांगितलंस. तुझ्या पोरीचं राखायला गेलास आणि दुसऱ्याच्या पोरीचं उघडं पाडलंस.”

अण्णा दुसऱ्या दिवशी जॉबरकडे गेले. कसं कळलं ते सगळं सांगितलं, हात जोडले. जॉबर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मालक, लेक माझ्यापासून लपवते याचा मला राग होता. आता कळतंय, तिला स्वतः सांगायचं होतं. ती संधी तुम्ही घेतली, आणि मी तिचा फोन घेतला.”

लग्नाची बोलणी थांबली. नर्सिंगचं ते वर्ष मात्र गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचा ठरला. मैत्रिणी बोलू लागल्या, पण मनातलं काही असलं की आता समोर भेटूनच बोलतात. गोष्ट कारखान्यात पसरली; तिथले कामगारही फोन आला की फाटकाबाहेर जाऊन घेतात. अण्णांनी लॅपटॉपवरून ते सगळं काढून टाकलं; लोकांच्या मनातून काढणं त्यांच्या हाती नव्हतं.

तात्पर्य : निरोप हा लिहिणाऱ्याचा आणि ज्याला लिहिला त्याचा असतो. मुलाचा फोन चोरून उघडणारा एकट्या मुलाचं वाचत नाही; त्या मुलावर विसंबलेल्या प्रत्येकाचं वाचतो, आणि त्यांतल्या कुणीही त्याला परवानगी दिलेली नसते. काळजी वाटत असेल तर मुलांना समोर बसवून विचारावं. उत्तर मिळायला वेळ लागेल, पण ते आपल्याला दिलेलं उत्तर असेल.